माझ्या पोटात शिजलेला खरवस

मित्रांनो, मी एक जुना ऑटोक्लेव्ह आहे. नाव ऐकून दचकू नका. तुमच्या स्वयंपाकघरात जो कुकर आहे ना, त्याचा मी थोरला चुलता. फरक एवढाच, की तो भात शिजवतो आणि मी जंतू. तो शिट्ट्या मारून गल्लीभर सांगत सुटतो, मी मुकाट्याने काम करतो. माझ्या पोटात पाणी उकळतं, वाफ कोंडते, दाब चढतो आणि काचेच्या बशा, नळ्या, चंबू यांच्यावर ठाण मांडून बसलेला एकूण एक जंतू यमसदनी जातो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात माझ्याशिवाय पान हलत नाही. निदान पूर्वी हलत नसे.

माझा जन्म हरियाणातल्या एका कारखान्यात झाला. तिथून ट्रकने मी नगर जिल्ह्यात आलो. कोल्हारच्या अलीकडे एका खड्ड्यात ट्रक असा आदळला, की माझ्या दाबमापकाचा काटा जो कलला तो आजवर सरळ झाला नाही. त्यामुळे मी गार असतानाही थोडा तापलेला दिसतो. माझा स्वभावही तसाच आहे, असं विभागात म्हणतात. म्हणोत बापडे.

प्रवरेकाठच्या या कॉलेजात माझं स्वागत मात्र झोकात झालं. विभागप्रमुख आप्पासाहेब सरांनी आधी स्पिरिटने हात स्वच्छ केले आणि मग त्याच हातांनी माझ्या झाकणाला हळद-कुंकू वाहिलं, वर अक्षता टाकल्या, नारळ फोडून पाणी शिंपडलं. जंतू मारायला आणलेल्या यंत्राच्या डोक्यावर जंतूंना आवडणारा सगळा बेत मांडला गेला. चार दिवसांनी त्या अक्षतांवर छान हिरवी बुरशी आली. सर रागावले नाहीत. त्यांनी त्या बुरशीवर मुलांचं प्रॅक्टिकल घेतलं. दर खंडेनवमीला अजूनही माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडते, आणि तिच्या पाकळ्या दिवाळीपर्यंत माझ्या नळांतून निघत असतात.

मित्रांनो, ती वर्षं माझ्या भरभराटीची होती. प्रयोगशाळेतले छगनमामा रोज सकाळी माझ्या पोटात पाणी भरत, झाकणाचे चाप आवळत आणि जाता-येता मला थोपटत. 'हा आपल्या विभागातला सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक,' असं आप्पासाहेब सर नव्या मुलांना सांगत, 'कधी रजा मागत नाही.' मुलं हसत. मीही आतून खदखदत असे.

पण दिवस कुणाचेच सारखे राहत नाहीत. विभागात एक नवा ऑटोक्लेव्ह आला. त्याच्या पोटावर काचेचा पडदा, पडद्यावर आकडे आणि काम झालं की तो गाणं म्हणे. मला वाटलं, संपलं आपलं. पण झालं भलतंच. तो इतका महाग होता, की त्याला हात लावायची कुणाची छाती होईना. त्याच्यावर प्लॅस्टिकचं आवरण चढलं, ते फक्त तपासणी समिती आली की निघतं. काम राहिलं माझ्याच माथी आणि कौतुक गेलं त्याच्याकडे. माझ्या झाकणाची रबरी रिंग तडकली होती, ती बदलायचं तेवढं राहून गेलं. वाफ सूं सूं करत बाहेर यायची. मुलं मला 'दमेकरी आजोबा' म्हणू लागली. अशा वेळी विभागात सुकन्या आली.

सुकन्या शेवगावकडच्या कोरडवाहू गावातली. तिची आई लंकाबाई. आई-वडिलांनी वर्षानुवर्षं ऊसतोड केली. पुढे वडील गेले आणि लंकाबाईंनी कोयता ठेवून एक गाय घेतली. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रबंधाला विषय निवडायची वेळ आली तेव्हा बाकीच्या मुलांनी मोठमोठ्या नावांचे विषय घेतले. सुकन्या म्हणाली, "सर, मला चिकावर काम करायचंय."

चीक म्हणजे गाय व्याली की येणारं पहिलं घट्ट, पिवळसर दूध. विषय ऐकून वर्गात हशा पिकला. आप्पासाहेब सरांच्या तोंडाला पाणी सुटलं, ते मी पाहिलं. पण सुकन्याला हसू येत नव्हतं. लागोपाठ दोन वर्षं तिच्या आईच्या गोठ्यातली वासरं हगवणीने दगावली होती. दुसरं वासरू तर तिच्या मांडीवरच गेलं.

परीक्षेची उजळणी ती माझ्यासमोर बसून करी, कारण मी मध्येच काही विचारत नाही. त्यामुळे तिचा विषय मला तोंडपाठ झाला आहे. तुम्हीही ऐका. रोगाशी लढायला शरीरात प्रतिपिंडं लागतात. पण गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून ती मिळत नाहीत. ते जन्मतं तेव्हा त्याची पाटी कोरी असते. आईची सगळी प्रतिपिंडं चिकात उतरतात आणि वासराचं आतडं ती जन्मल्यानंतर थोडेच तास आत घेऊ शकतं. मग ते दार बंद होतं. नंतर बादलीभर चीक पाजला तरी पोट भरेल, राखण होणार नाही. आणि आपल्याकडे रीत काय? गाईची वार, म्हणजे वासरामागून पडणारी गर्भाची पिशवी, पडल्याशिवाय वासराला आचळाला लावायचं नाही. वार कधी लवकर पडते, कधी दिवस घेते. तोवर वासरू खुंट्याला बांधलेलं, आणि ते दार हळूहळू मिटत चाललेलं.

हे आईला पटवायचं म्हणून सुकन्या शिकत होती. डिग्री हवीच होती, पण खरी परीक्षा घरी होती आणि तिथे ती दर वेळी नापास होत होती. "तुझं पुस्तक तुझ्यापाशी," लंकाबाई म्हणायच्या, "माझ्या सासूनं बी असंच केलं, तिच्या सासूनं बी." गाय पुन्हा गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि सुकन्या फोन उशाशी घेऊन झोपत होती.

दिवसभर मात्र ती आसपासच्या गोठ्यांतून चीक गोळा करत हिंडे. चिकातली ताकद मोजायला तिने साखर कारखान्यातून एक छोटी दुर्बीण मागून आणली होती. तिच्या काचेवर उसाच्या रसाचा थेंब टाकून डोळा लावला की रस किती गोड ते कळतं. चिकाचा थेंब टाकला तर त्यात प्रतिपिंडं भरपूर आहेत की कमी याचा चांगला अंदाज येतो. याच दुर्बिणीने परीक्षेत प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. पण एप्रिलमध्ये वीज गेली ती दोन दिवस आली नाही आणि फ्रिजमधले सगळे नमुने नासले. आकडे प्रबंधात उतरले होते म्हणून बरं, पण प्रात्यक्षिकाला थेंब उरला नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी कशीबशी कोल्हारमधल्या एका शेतकऱ्याकडून ताज्या चिकाची एक किटली मिळाली. सुकन्याने ती विभागाच्या फ्रिजमध्ये ठेवली. 'यात खाद्यपदार्थ ठेवू नयेत' अशी पाटी असलेला तोच तो फ्रिज, ज्यात सगळ्या विभागाचे डबे असतात. किटलीवर तिने ठळक अक्षरांत चिठ्ठी लावली: 'नमुना. हात लावू नये.' आणि सकाळी ती प्रबंध बांधून आणायला श्रीरामपूरला गेली.

आता मित्रांनो, मला सांगा, नगर जिल्ह्यात कुणाच्या फ्रिजमध्ये चिकाची किटली दिसली तर तिचा अर्थ काय होतो? गाय व्याली की चीक शेजारीपाजारी, पाहुण्यारावळ्यांत वाटायचा, ही इथली रीत. कुणी चीक विकत नाही, कुणी नको म्हणत नाही. आप्पासाहेब सरांनी आपला डबा ठेवायला फ्रिज उघडला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"छगन, पोरीनं वानोळा आणलाय बघ! गुणी पोरगी."

"सर, चिठ्ठी हाय त्याला. हात लावू नये म्हनती."

"हात कुठं लावतोय? पळीनं घेऊ की."

"नमुना लिव्हलंय पन."

"अरे, वानोळा म्हणजे तरी काय? घरच्या मालाचा नमुनाच! आज परीक्षक मॅडम यायच्यात पुण्याहून. त्यांना तिकडं पावडरीचा खरवस मिळतो. त्यांना कळू दे खरवस कशाला म्हणतात ते."

छगनमामांनी गूळ किसला, वेलची कुटली, चिकात दूध घालून स्टीलचा डबा भरला. आणि मग दोघांची नजर माझ्याकडे वळली. मी जुना असलो तरी मला मान आहे, मित्रांनो. ज्या पोटात मी भल्याभल्या जंतूंना पाणी पाजलं, त्यात गुळाचा डबा! आदल्या दिवशी माझ्या पोटात काय काय होतं, हे कुणी विचारलंही नाही. माझी तडकी रिंग मला त्या दिवशी वाचवेल असं वाटलं होतं. दाबच धरला नाही तर काय शिजणार? पण खरवसाला दाब लागतच नाही, साधी वाफ पुरते. ज्या रिंगेमुळे मी जंतू मारण्यात कमी पडत होतो, तिच्यामुळेच खरवसाला अगदी अचूक निघालो. सारा मजला वेलचीच्या वासाने भरून गेला. वनस्पतिशास्त्राची मंडळी न बोलावता आली.

परीक्षक डॉ. अश्विनी मॅडम आल्या. बारीक काड्यांचा चष्मा, सरळ पाठ, बोलणं मोजकं. "परीक्षेआधी मी काही खात नाही," असं त्या म्हणाल्या. मग वास आला. मग त्यांनी एक वडी घेतली. मग वाटी पुढे केली.

इतक्यात बांधलेले प्रबंध छातीशी धरून सुकन्या धापा टाकत आली. सकाळपासून उपाशी होती. छगनमामांनी तिच्याही हातात वाटी दिली. तिने उभ्या-उभ्याच अर्धी संपवली.

"मामा, काय झालाय हो! कुणाची गाय व्याली?"

"मला काय ठाव? तूच आनला की गं. त्या किटलीतला."

सुकन्याचा घास तोंडातच राहिला. गिळावा तर नमुना जातो, न गिळावा तरी गेलेलाच आहे. शेवटी तिने गिळला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्यासारख्या लोखंडाच्या देहालाही वाईट वाटलं.

परीक्षा सुरू झाली. सुकन्याने प्रबंध उलगडून सगळं नीट सांगितलं. मॅडम मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, "ठीक. आता प्रात्यक्षिक. एक थेंब चीक आण."

सुकन्या खाली बघत म्हणाली, "मॅडम, नमुना संपला."

"संपला? कुठे गेला?"

"आपण सगळ्यांनी मिळून खाल्ला."

मॅडमनी हातातल्या वाटीकडे पाहिलं. ती त्यांची दुसरी वाटी होती. आप्पासाहेब सर खिडकीबाहेर बघू लागले, तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं. मॅडमनी चमचा खाली ठेवला. वाटी ठेवली नाही.

"हाच नमुना दुर्बिणीला का चालणार नाही?" त्यांनी कडक आवाजात विचारलं.

"कारण तो शिजलाय, मॅडम. चीक नुसता वाफेवर ठेवला तरी घट्ट होतो, तो त्यातल्या प्रथिनांमुळे. प्रतिपिंडं ही प्रथिनंच. उष्णतेने त्यांची घडी मोडते, ती गोठून एकमेकांना चिकटतात. मग ती ना दुर्बिणीत मोजता येत, ना वासराच्या कामाची. खरवसाची वडी जितकी छान पडते, तितकी वासराची राखण गेलेली असते."

"उत्तर बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "पण हे पुस्तकात असतं. प्रात्यक्षिकाचे गुण मी कशाला देऊ? नियमाने तुला पुढच्या सत्रात यावं लागेल."

तेवढ्यात सुकन्याचा फोन वाजला. परीक्षेत फोन बंद ठेवायचा असतो, पण तिने तो ठेवला नव्हता. पडद्यावर 'आई' असं दिसत होतं. मॅडमनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उचल." सुकन्याची बोटं गुळाने चिकट झालेली. घाईत भलतीकडेच दाबलं गेलं आणि लंकाबाईंचा आवाज सगळ्या प्रयोगशाळेत घुमला.

"सुकू, गाय व्याली गं! कालवड झाली. लई चपळ हाय, आत्ताच उठून उभी राहायला बघती."

"पाजलं का तिला?"

"आगं, वार कुठं पडली अजून? बांधली हाय पलीकडं. पडू दे की वार."

"आई, सोड तिला. आत्ताच्या आत्ता आचळाला लाव. तिच्या आतड्यातून प्रतिपिंडांचं शोषण..."

"काय म्हनली?"

सुकन्याने कपाळाला हात लावला. आप्पासाहेब सर पुढे सरसावले. मार्गदर्शक म्हणून त्यांचंही नाव प्रबंधावर होतं. "नमस्कार वहिनी. मी सुकन्याचा सर बोलतोय."

"नमस्कार सर. पोरगी पास झाली का?"

"ते... होईल. तुम्ही कालवडीला आधी पाजा बघू."

"व्हय सर, पाजते की. तुमी सांगितल्यावर न्हाई कसं म्हनीन? वार पडली की लगीच पाजते."

मॅडमनी हळू आवाजात विचारलं, "सर, तुमच्याही घरी गाई आहेत ना? तुमच्याकडे कधी पाजतात?"

सरांनी घसा साफ केला. "आमच्याकडे... म्हणजे आई बघते सगळं... वार पडल्यावर."

 फोनमधून कालवडीचं हंबरणं ऐकू येत होतं. बारीक, चिरका आवाज. सुकन्याने प्रबंध बाजूला सारला आणि फोन दोन्ही हातांत धरला.

"आई, मी कुठं जन्मले गं?"

"आता हे काय मदीच? कारखान्यावर. पाचटाच्या कोपीत."

"तवा जवळ कोण हुतं तुज्या?"

"कोन असनार? समद्या ऊस तोडाया गेल्त्या. मी एकलीच."

"मग मला कधी पाजलंस?"

"लगीच. तू जी रडाया लागली ती थांबंना. घेतलं पदराखाली."

"कुणाला विचारलं हुतंस?"

"कुनाला इचारू? उसाला?"

"मग आता कुणाला विचारतीस, आई? ती बी तुज्याच दारात रडतीय."

आप्पासाहेब सर पुटपुटले, "तसं माणसांत थोडं वेगळं असतं, माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच..." मॅडमनी त्यांच्याकडे असं काही बघितलं, की ते पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

 पलीकडे फोन कुठल्या तरी दगडावर ठेवल्याचा आवाज झाला. दावं सुटल्याची सरसर ऐकू आली. "ये गं माझे बाई," लंकाबाई कुणाला तरी म्हणत होत्या, "ये, अशी ये. व्हय, इथंच." हंबरणं थांबलं. आणि मग चुप चुप चुप असा घाईघाईचा, ओला आवाज येऊ लागला.

सगळा विभाग कान देऊन ऐकत उभा होता. छगनमामा, वनस्पतिशास्त्राची मंडळी, सगळे. मी माझं सूं सूं करणं कसंबसं आवरून धरलं होतं. आयुष्यभर मी जीव मारत आलो, त्याचा मला अभिमानही आहे. पण एक जीव वाचताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि माझ्या झाकणाखालून एक थेंब टपकला. तो वाफेचा होता असं छगनमामा म्हणतात.

अश्विनी मॅडमनी पेन उघडलं. "प्रात्यक्षिक झालं," त्या म्हणाल्या, आणि गुण लिहिले. किती ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही, पण सुकन्या पुढच्या वर्षी संशोधनासाठी पुण्याला गेली, यावरून तुम्हीच काय ते समजा.

दोन दिवसांनी लंकाबाईंचा फोन आला. कालवड गोठाभर उड्या मारत होती, गाईची वारही त्याच दुपारी सुखरूप पडली होती. "वासरू प्यालं की वार उलट लवकर पडती, असं सुकू म्हनली हुती," त्या सरांना म्हणाल्या. "खरं निघालं. पन सर, राग नका मानू. चीक समदा कालवडीनं वढून प्याला. यंदा तुमाला खरवस न्हाई."

"नको, वहिनी," सर म्हणाले. ते खरवसाला नको म्हणाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला, आपल्या आईला. तो बराच वेळ चालला. मोठमोठ्याने चालला. कोण जिंकलं ते सांगता येत नाही, कारण सर बोलत बोलत बाहेर गेले.

मित्रांनो, माझी गोष्ट संपली. आता माझ्यावर एक नवी पाटी लागली आहे, 'यात खाद्यपदार्थ शिजवू नयेत', आणि रिंगेचं तेवढं अजून राहिलंच आहे. कुणी मोठं माणूस ओळखीचं असेल तर माझ्या रिंगेसाठी जरूर शब्द टाका. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. तुमच्या गोठ्यात गाय व्याली, तर कुणाची, कशाची वाट बघू नका. खरवस उरल्या चिकाचाही होतो, आणि तो चांगलाच होतो. मी शिजवलाय, मला विचारा. पहिला घोट मात्र जो जीव नुकताच पायांवर उभा राहायला शिकतो आहे, त्याचा आहे. तो त्याला पिऊ द्या.